एक मिलिमीटरची रिंग

"घट्ट बसलंय, तरी हलतंय. असं कसं, आण्णा?"

आण्णांनी मान वर केली नाही. त्यांच्या पुढ्यात एका दूधवाल्याच्या सायकलचं चाक होतं आणि ते एकेक तार चिमटीत धरून तिचा ताण बघत होते.

"वरचा लॉक पार शेवटपर्यंत गेलाय. पाव आटासुद्धा फिरत नाही. तरी आतलं सगळं हातानं हलतं. हे बघा."

विचारणाऱ्यानं हातातलं चाक हलवलं. खुळखुळ आवाज आला.

आण्णांनी पुढची तार चिमटीत धरली...

"आण्णा, मी विचारतोय."

"ऐकलं की," आण्णा म्हणाले. "बूट काढून आत ये."

मी बाकावर बसून पेपर वाचत होतो, म्हणजे वाचायचं सोंग करत होतो. चार वर्षांत या दोघांत झालेलं हे पहिलं बोलणं. अशा वेळी पेपर कोण वाचतंय.

आधी ओळख करून देतो. जयसिंगपुरात अकराव्या गल्लीच्या तोंडाला भूपाल आण्णा चौगुल्यांचं सायकलचं दुकान होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. मी गुरव मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्त झाल्यावर दुपार कुठं काढायची हा प्रश्न आण्णांच्या बाकानं सोडवला होता.

आणि बूट काढत होता तो धैर्यशील माने. शाळेत मीच शिकवलेला. शाळा सुटली की या दुकानात यायचा, मग शाळाच सुटली आणि तो इथलाच झाला. आठ वर्षं आण्णांच्या हाताखाली शिकला. आण्णांकडं शिकायला बरेच आले, पण त्यांचा हात उतरला तो याच्यात. हे आण्णा कधी बोलले नाहीत, मी सांगतोय.

दोघांचं बिनसलं ते एका फडक्यावरून.

आण्णांच्या दुकानात एक रीत होती. सायकल खोलली की आधी जुन्या धोतराचं फडकं अंथरायचं. निघेल तो भाग त्यावर मांडायचा आणि जो ज्याच्या अंगाला लागून निघाला, तो त्याच्याच शेजारी ठेवायचा. मग तो छर्रा असो नाहीतर नखाएवढा वायसर. एका फडक्यावर एकच सायकल. दुसऱ्या सायकलचा नट त्यावर दिसला तर आण्णा दिवसभर बोलायचे नाहीत.

धैर्यशील पुण्याला जाऊन महिन्याचा कोर्स करून आला. येताना एक पाना आणला, ठरावीक जोर लागला की तो कट्ट वाजतो म्हणे. एक दिवस भरल्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "आण्णा, हे फडकं-बिडकं आता कुणी करत नाही."

आण्णा म्हणाले, "मग जिथं करत न्हाईत तिथं जा."

तो गेला. दोघंही एक नंबरचे हट्टी. कोल्हापुरात त्यानं काचा लावलेलं सायकलचं दुकान टाकलं, उद्घाटनाची पत्रिका पाठवली, आण्णा गेले नाहीत. मी गेलो होतो. पेढे बरे होते.

तर तो धैर्यशील आता मोजे घालून आण्णांसमोर गोणपाटावर बसला होता. दुपारचे साडेबारा झाले होते.

"कुणाचं चाक?" आण्णांनी विचारलं.

"वेदिका खोत म्हणून आहे. अकरावीतली पोर. परवा सोलापुरात राज्याची शर्यत आहे. तिच्या मागच्या चाकाची रिम तडकली. सायकल संघटनेनं तिला दुसरं चाक दिलं, नवंकोरं. काल मीच तिची कॅसेट जुन्या चाकावरून काढून या नव्यावर बसवली. म्हटलं, घट्ट आहे, जा बिनधास्त."

"मग?"

"आज पहाटे सरावाला गेली. जोतिबाच्या चढावर उभी राहून जोर काढला आणि चेन घसरली. पडली."

आण्णांनी तार सोडली. पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं.

"हाड?"

"हाड बरं आहे. कोपर सोललं."

...

"ती रडली नाही, आण्णा. चिडली पण नाही. एवढंच म्हणाली, दादा, तुम्ही घट्ट आहे म्हणाला होता."

बाहेरून कुणीतरी हवा भरायला आलं. आण्णांनी हातानंच पंप दाखवला. तो हवा भरून गेला.

"संध्याकाळी सहाला त्यांच्या संघाची गाडी कोल्हापुरातून सुटणार," धैर्यशील म्हणाला. "चाक झालं नाही तर पोर जाणार नाही. दुसरं चाक नाही तिच्याकडं. सकाळपासून चार वेळा खोललं, चार वेळा बसवलं. चारही वेळा तेच. पुण्याला फोन केला. म्हणाले, स्पेसर टाक. टाकलाय की. आता माझाच माझ्या हातावर विश्वास बसेना झालाय."

शेवटचं वाक्य म्हणताना त्याचा आवाज बारीक झाला. मला त्याची कीव आली. आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

"खोल," आण्णा म्हणाले.

त्यानं पिशवीतून हत्यारं काढली, लॉक सोडवला. पहिला भाग हातात आला आणि तो जमिनीवर ठेवणार तेवढ्यात थांबला. इकडंतिकडं बघितलं.

"फडकं कुठं असतं आता?"

"हुतं तिथंच."

तो उठला, पंपाशेजारच्या लाकडी पेटीतून फडकं काढलं, अंथरलं आणि एकेक भाग त्यावर मांडायला लागला. चार वर्षं केलं नसेल, पण हात विसरला नव्हता. मी पेपर घडी करून ठेवला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅसेट म्हणजे मागच्या चाकाला असतो तो दातेरी चकत्यांचा गठ्ठा. आमच्या वेळी एकच चकती असायची आणि तिच्यावर अख्खा जन्म निघायचा. आता दहा-दहा, अकरा-अकरा. चाकाच्या मधोमध जी नळी असते, हब, तिच्यावर हा गठ्ठा सरकवायचा आणि वरून लॉक आवळायचा. नळी लांब आणि गठ्ठा आखूड असला तर लॉक जाऊन नळीच्या टोकाला टेकतो, गठ्ठ्याला दाबतच नाही. वरून घट्ट, आतून ढिलं. म्हणून गठ्ठ्याच्या मागं पातळ रिंग घालून जागा भरतात. तिला नवीन पोरं स्पेसर म्हणतात, आण्णा वायसर म्हणायचे. हे मला त्या दुपारी कळलं. तोवर कॅसेट म्हटलं की मला गाणीच आठवायची.

आण्णांनी दूधवाल्याचं चाक परत मांडीवर घेतलं. हातातल्या तारेच्या पान्यानं लांबूनच फडक्याकडं दाखवलं.

"हे मोठं काय करतं?"

"चेन धरतं. चढाला."

"आणि हे बारकं?"

"तेच. उताराला."

"लॉक?"

"सगळ्यांना धरून ठेवतो."

"आणि ही?"

ती नव्या चाकातली रिंग होती. पांढरी, गुळगुळीत, ना दात ना काही.

"ही... काही करत नाही. जागा भरते."

"मग बाजूला ठेव आणि बसव."

"आण्णा, वेळ नाहीये माझ्याकडं."

"बसव."

धैर्यशीलचे कान लाल झाले. त्यानं रिंग बाजूला ठेवली, गठ्ठा चढवला, लॉक आवळला, चाक उचलून हलवलं. भांड्यांची पाटी पडल्यागत आवाज आला.

"आता?"

"जास्त हलतंय."

"काय करत नव्हती म्हणालास."

...

धैर्यशीलनं परत सगळं खोललं.

"ही रिंग कुणाबरोबर आली?" आण्णांनी विचारलं.

"नव्या चाकाबरोबर. पाकिटातच होती."

"मग चाकाजवळ ठेव तिला."

त्यानं ठेवली.

"गठ्ठा कुठला?"

"जुन्या चाकावरचा. तिचाच."

"जुन्या चाकावरनं उतरवलास तवा मागं काय हुतं?"

धैर्यशील आठवायला लागला. डोळे मिटून घेतले. शाळेत फळ्यापुढं उभा केला की असाच करायचा.

"एक रिंग होती. पातळ. एक मिलिमीटरची असेल."

"कुणाची?"

"जुन्या चाकाची."

"चाकाची?"

"म्हणजे... चाकावरच राहिली होती ती, चिकटून. नव्या चाकाला त्याची स्वतःची रिंग आली होती, तीही हिच्यापेक्षा जाड. मग म्हटलं, जुन्याची जुन्याला राहू दे..."

बोलता बोलता तो थांबला.

आण्णा तारेवर टिचकी मारून ऐकत बसले.

"फडक्यावर मांडली असतीस," थोड्या वेळानं ते म्हणाले, "तर कुणाच्या शेजारी ठेवली असतीस?"

धैर्यशील फडक्याकडं बघत राहिला. एका बाजूला चाक, त्याच्याशेजारी त्याची जाड रिंग. दुसऱ्या बाजूला दहा चकत्यांचा गठ्ठा, आणि त्याच्या शेजारी मोकळं फडकं.

"गठ्ठ्याच्या," तो म्हणाला.

"दहाचा गठ्ठा हाय. त्याच्याबरोबर ती येतीच. कुठल्याबी चाकावर जाऊ दे, ती बरोबर न्यायला लागती. चाकाची वायली, गठ्ठ्याची वायली."

"म्हणजे दोन पाहिजेत."

"मी कुठं काय म्हणालो. तूच म्हणालास."

पोराच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला आणि तसाच गेला.

"आण्णा, ती रिंग मी जुन्या चाकाबरोबर भंगारात टाकली. सकाळीच भंगारवाला घेऊन गेला."

"दुसरी?"

"मागवावी लागते. दोन दिवस लागतात."

दीड वाजत आला होता. त्यानं घड्याळ बघितलं, मग चाकाकडं बघितलं, मग डोक्याला हात लावून बसला. दोष कळून उपयोग काय, पोरीची गाडी सहाला सुटायची ती सुटणारच होती. मला वाटलं, आता आण्णा काहीतरी करतील. त्यांच्या डब्यात जगातलं सगळं सामान असतं. ते उठून एखादा डबा उघडतील आणि बोटानं उचलून देतील.

आण्णा हलले नाहीत.

"एक मिलिमीटर म्हणालास न्हवं?"

"हो."

"कर की मग."

"हातानं?"

"मग काय पायानं करतोस?"

"पण पत्रा..."

आण्णांनी पान्यानं पंपाच्या मागचा खिळा दाखवला.

त्या खिळ्याला तारेत ओवलेले चौदा पत्रे लटकत होते. भाड्याच्या सायकलींचे नंबर. अॅल्युमिनियमचे, तळहाताएवढे, लाल रंगात आकडे घातलेले. एकेकाळी या दुकानासमोर चौदा सायकली ओळीनं उभ्या असायच्या आणि रविवारी सकाळी त्यातली एक मिळवायला पोरं सूर्य उगवायच्या आधी येऊन बसायची. तासाला सायकल, उशीर झाला की आण्णा गल्लीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभे. अर्ध्या जयसिंगपुराचे गुडघे त्या चौदा सायकलींवर फुटले. मग घरोघरी मोटारसायकली आल्या. सायकली एकेक करून गेल्या, आण्णांनी पत्रे तेवढे काढून ठेवले.

आमची मंडळी चार नंबरवर सायकल शिकली. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत, मैदानावर, मी मागून सीट धरून पळायचो आणि ती म्हणायची, सोडू नका, सोडू नका. मी केव्हाच सोडलेलं असायचं. तिला जाऊन त्या वर्षी सहा वर्षं झाली होती. मी रोज त्या बाकावर येऊन बसायचो त्याचं एक कारण तो खिळा होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

धैर्यशीलनं तार खाली काढली. पिशवीतून मापाचं व्हर्निअर काढलं आणि बारा नंबरचा पत्रा त्यात धरला.

"दीड भरतोय."

"आठापासनं फुडचे जाड हाईत. दुसऱ्या खेपेचे. एक ते सात बघ."

चार नंबर त्यातच होता. एक. दोन. तीन. तो मोजत गेला, कुठला सव्वा, कुठला वाकलेला. चार नंबर त्याच्या हातात आला आणि मला खोकला आला. खरोखरच आला, मी काही मुद्दाम खोकलो नाही.

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. चार नंबर न मोजताच पुढं सरकवला. पोराला कसं कळलं कोण जाणे. मी परत पेपर उघडला.

पाच सव्वा निघाला. मग सहा.

सहा नंबर हातात घेऊन तो नुसताच बसून राहिला.

"मोज की," आण्णा म्हणाले.

"आण्णा, ही माझी होती. सीट खाली होती हिची. पाय पुरायचे."

"मोज."

"पहिल्यांदा चेन पडली ती हिचीच. मी रडत ढकलत आणली होती. तुम्ही म्हणालात, मी बसवणार न्हाई, तू बसव. हात काळे करून घरी गेलो आणि आईचा मार खाल्ला." तो हसला, पण डोळे वेगळंच सांगत होते. "हा नको. सात बघतो."

"मोजलास का?"

त्यानं मोजला.

"किती?"

"...एक."

"मग?"

"राहू दे ना हा."

"भितीवर टांगून काय चालवणार हाईस का ते?"

आण्णा हे रागानं म्हणाले नाहीत. पण म्हणून झाल्यावर त्यांनी तोंड दुसरीकडं केलं आणि दूधवाल्याच्या चाकात डोकं घातलं. मला एक गोष्ट मघाशीच दिसली होती. त्या चाकाचं काम केव्हाच झालं होतं. तास झाला, ते उगीचच एका तारेवरून दुसऱ्या तारेवर हात फिरवत होते.

धैर्यशीलनं पत्रा ऐरणीवर ठोकून सपाट केला. कंपास मागितला. दुकानात नव्हता. मी घरी जाऊन माझा आणला, पितळी टोकाचा. त्यानं एकात एक अशी दोन वर्तुळं ओढली आणि मला म्हणावंसं वाटलं, ही मी शिकवलीत. म्हणालो नाही. वर्तुळं चांगली आली होती.

मग कातर, मग छिन्नी, मग कानस.

पहिली रिंग फुकट गेली. आतलं भोक केसभर लहान राहिलं होतं आणि त्यानं घाई करून हातोडीनं हबवर दाबली. चिरली. अडीच वाजले होते. त्यानं चिरलेली रिंग हातात धरली आणि कपाळावरचा घाम दंडानं पुसला.

आण्णांनी समोरच्या हॉटेलाकडं दोन बोटं दाखवली, मग माझ्याकडं बघून तीन केली. चहा आला. धैर्यशीलनं दोन घोटांत संपवला आणि उरलेल्या पत्र्यावर दुसरी वर्तुळं ओढली.

या वेळी तो हळू गेला. कानस एकदा फिरवायची, रिंग हबवर धरून बघायची, परत एकदा फिरवायची. बारीक चंदेरी कीस फडक्यावर पडत होता. चार वर्षांपूर्वीची दुपार जशीच्या तशी परत आली होती. तीच बैठक, तीच वाकलेली मान, तोच कानशीचा आवाज. मला वाटत होतं ती रिंग लवकर होऊच नये. मग त्या पोरीचं कोपर आठवलं आणि माझीच मला लाज वाटली.

रिंग अलगद हबवर बसली. धैर्यशीलनं मोठा श्वास सोडला.

"काढ," आण्णा म्हणाले.

"बरोबर बसलीय, आण्णा."

"रंग हाय तिच्यावर."

खरंच होता. कापलेल्या रिंगवर सहाच्या आकड्याचा लाल तुकडा आला होता. सहाचं पोट. मला तर तो बघून छान वाटलं होतं. आत का असेना, कुठंतरी राहील.

"एवढा राहिला तर काय होतंय," धैर्यशील म्हणाला. म्हणताना त्यानं अंगठ्यानं तो लाल तुकडा झाकला होता.

"रंग दबतो. आज घट्ट बसंल. दोन चढ चढली की रंग चेपून जाईल आणि परत ढिली. परत पडंल ती."

...

धैर्यशीलनं काचकागद घेतला. दोन्ही बाजूंनी घासायला लागला. लाल भुकटी बोटांना लागली, मग गुलाबी, मग काहीच नाही. नुसती पांढरी रिंग उरली. कुठल्या सायकलची, कुठल्या गावची, काही सांगता येईना. त्यानं ती पँटला पुसली आणि मापात धरली.

"एक. थोडी कमीच."

"चालतंय. बसव."

आधी चाकाची जाड रिंग. तिच्यावर ही पातळ. मग दहाचा गठ्ठा, एकेक खाच जुळवत. मग लॉक. हातानं फिरेल तेवढा फिरवला. मग त्यानं पिशवीत हात घातला आणि तो कट्ट वाजणारा पाना अर्धा बाहेर काढून थांबला. आण्णांकडं बघितलं.

"वाजव की तुझं ते," आण्णा म्हणाले.

कट्ट.

त्यानं चाक उचललं, गठ्ठा मुठीत धरला आणि जोर लावून हलवला. मी कान दिला. काही नाही. परत हलवला. काही नाही. चाक फिरवलं, नुसता टकटक आवाज आला, फिरत्या चाकाचा असतो तसा.

"हलत नाही," धैर्यशील म्हणाला. मग परत म्हणाला, "हलत नाही."

साडेतीन वाजले होते. त्यानं हत्यारं पिशवीत भरली, फडकं झटकून घडी केलं आणि पेटीत ठेवलं. बूट घातले. चाक उचलून पायरीपर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला. मोटारसायकल समोर होती. वेळ होत होता. पण तो जाईना.

"अरे जा की," मी म्हणालो. "पोर वाट बघत असंल."

"सर, तिला जाऊन काय सांगू? काल पण मी घट्टच म्हणालो होतो."

त्याचं म्हणणं खरं होतं. रिंग बसली होती, पण सकाळी जे निखळलं होतं ते काही रिंगेनं बसणारं नव्हतं. तो परत आत आला. बूट घालूनच आला आणि आण्णा काही बोलले नाहीत. त्यानं ते चाक दोन्ही हातांनी आण्णांच्या पुढं धरलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. साडेबारापासून आण्णांनी त्या चाकाला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"आण्णा, एकदा तुम्ही हलवून बघा. एकदाच. तुम्ही हात लावलाय म्हटलं की मला तिच्या तोंडाकडं बघून सांगता येईल."

आण्णांनी मांडीवरचं दूधवाल्याचं चाक खाली ठेवलं. हात एका चिंधीनं पुसले, बोटं एकेक करून पुसली. मला वाटलं, आता घेतील. त्यांनी ते पुसलेले हात गुडघ्यांवर ठेवले.

...

"हात?" आण्णा म्हणाले. "तुला आठ वर्षं लावलाय की."